चढा मध्यम

लोक मला अजून विचारतात, की मूल नावाच्या लहानशा गावात बाजाच्या पेट्या दुरुस्त करणाऱ्या लटारू गुरनुल्यांनी संगीताचं मासिक अकरा वर्षं चालवलं कसं? मी म्हणतो, बाबा रे, चालवलं कुठलं, ओढलं! अन् ओढणाऱ्यांत एक बैल मी होतो.

मी दसरू निकुरे. गुणवंतरावांच्या छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचो. शाळा चौथीपर्यंत. शुद्ध मराठी मला आली ती उलट्या अक्षरांतून, लोकांच्या लग्नपत्रिका अन् श्राद्धाची निमंत्रणं जुळवता जुळवता. त्यामुळे मी तोंड उघडलं की घरचे म्हणायचे, "घ्या, दसरू पुस्तकावानी बोलून राह्यला." स्वभाव तिखट आहे, हे आधीच सांगून ठेवतो. मला कोणी चूक दाखवली की माझं डोकं सणकतं, आणि चूक खरंच माझी असली तर दुप्पट सणकतं. पुढची सगळी भानगड त्यातूनच झाली.

लटारूभाऊ जातीचे माळी. बाप वांगी-टमाटे पिकवायचा. पोराच्या हाताला मातीपेक्षा लाकडाचा नाद. सोळाव्या वर्षी नागपूरला पळाले, तिथे पेट्या बनवणाऱ्या एका कारखान्यात सहा वर्षं सूर लावायला शिकले आणि परत येऊन मूलच्या बाजारगल्लीत बसले. आमच्या झाडीपट्टीत तेव्हा गावोगावी दंडारीचे, म्हणजे नाचगाण्याच्या खेळाचे, संच, भजनी मंडळं, नाटकमंडळ्या. धान कापून झालं, दिवाळी सरली की मंडया सुरू. मंडई म्हणजे त्या गावची जत्राच, आणि दिवसभर मैदानात संचांची चढाओढ. प्रत्येक संचाला पेटी हवी, आणि प्रत्येक पेटीत झुरळं! भाता कुरतडलेला, सूर बसलेले. लटारूभाऊ पट्टी दाबून डोळे मिटायचे आणि सांगायचे, "आतमंदी भेग हाये जी, इथी." उघडून बघावं तर तिथेच भेग.

त्यांना एकच दुःख होतं. पेटी दुरुस्त करून द्यायचे, पण वाजवणाऱ्याला चाल माहीत नसायची. शिकवायला उस्ताद नाही, रेडिओ तहसीलदाराच्या घरी एकच. मग त्यांनी डोकं लढवलं. सा रे ग म कोणाला वाचता येत नाही, पण आकडे तर बैलगाडीवाल्यालाही येतात. पेटीच्या पांढऱ्या पट्ट्यांवर डावीकडून एक, दोन, तीन असे आकडे रंगवायचे, काळ्यांवर वेगळे, आणि चाल आकड्यांत छापायची. आकडा बघ, पट्टी दाब. पोरगंही वाजवेल.

त्यातून 'भाता' निघालं. चौपन्न साल. आठ पानं, साठ प्रती. नाव ऐकून गुणवंतराव हसले, "लोहाराचं मासिक वाटते ना हे!" लटारूभाऊ म्हणाले, "हवा भरल्याबिगर सूर कुठी निघते?"

साठातल्या चाळीस प्रती त्यांनी फुकट दिल्या. मास्तरांना नाही, वकिलांना नाही. न्हाव्यांना दिल्या, चिवड्याच्या दुकानात ठेवल्या, मोटारीच्या ड्रायव्हरला दिल्या. का, तर तिथे माणूस रिकामा बसतो आणि दुसऱ्याला ऐकू जाईल असं वाचतो. तिसऱ्या महिन्यात लोक छापखान्याच्या दारात यायला लागले. आकडे तर होतेच, पण खरी ओढ होती शेवटच्या पानाची. त्या सदराचं नाव 'कोण कसा वाजला'. लटारूभाऊ प्रत्येक मंडईला जायचे, पानठेल्यामागे जमिनीवर बसायचे, डोळे मिटून सगळे संच ऐकायचे आणि प्रत्येकावर दोन-तीन ओळी लिहायचे. गावाचं नाव, वाजवणाऱ्याचं नाव, खरंखरं मत. कोणत्याही संचाच्या घरी जेवायचे नाहीत. बायको शकुबाई फडक्यात भाकरी बांधून द्यायची, तीच खायची. एकदा एका जमीनदार मालगुजाराच्या पोरानं बेसूर वाजवलं, तर यांनी छापलं, "पेटी चांगली, बोटं आळशी." मालगुजाराचा माणूस छापखान्यात तणतणत आला. लटारूभाऊंनी त्याला पाणी दिलं आणि एक शब्द मागे घेतला नाही.

बस्स, त्या दिवसापासून 'भाता'चा वट बसला. सत्तावन्नच्या दिवाळीत सातशे प्रती जात होत्या, चिमूरपासून सिरोंच्यापर्यंत. ज्याला अक्षर येत नाही तोही अंक घ्यायचा, कारण त्यात त्याच्या गावाचं नाव असे. "भात्यात आलं हाये" म्हटलं की वाद संपला. मलाही त्याचा माज चढला होता, खोटं कशाला बोलू? बाजारात लोक मला "छापखान्यावाले भाऊ" म्हणायचे, आणि मी मान वर करून चालायचो.

आता ती सूचना. नीट ऐका, सगळं तिच्यावर आहे.

पेट्या दोन जातीच्या असतात. पेटीच्या डाव्या टोकाला बघा. काही पेट्यांत आधी दोन काळ्या पट्ट्यांची जोडी येते, काहींत आधी तीन काळ्या येतात. लटारूभाऊंचे आकडे दोन काळ्यांच्या पेटीसाठी. तीन काळ्यांची पेटी असेल तर पहिल्या चार पांढऱ्या सोडून पुढून मोजायचं. नाही सोडल्या, तर सा बरोबर, रे बरोबर, ग बरोबर, आणि चौथा सूर, म म्हणजे मध्यम, चढा लागतो. एवढ्या एका जागी सगळ्याचा सत्यानाश. म्हणून प्रत्येक चालीच्या डोक्यावर लटारूभाऊ बारीक अक्षरात दोन ओळींची सूचना देत. तीन वर्षं दर महिन्याला त्याच दोन ओळी मी जुळवत होतो.

अश्विनाच्या अंकात चाल लांबली. अंक मंडयांच्या आधी जायचा होता, छपाईच्या ट्रेडल यंत्रावर माणूस पाय आपटत उभा, आणि पान दोन ओळींनी उतू चाललेलं. मी सूचना उचलली आणि बाजूला ठेवून दिली. मनात म्हटलं, तीन वर्षं झाली, आता काय जन्मभर हेच सांगायचं का? अख्ख्या जिल्ह्याला पाठ आहे. लटारूभाऊ त्या दिवशी तापानं पडले होते, प्रूफ त्यांनी पाहिलं नाही. माझ्यावर भरवसा होता.

अरे गाढवा, वाचक वाढतो म्हणजे काय? दर महिन्याला कोणीतरी पहिलाच अंक हातात घेतो! त्याला मागचं काय माहीत? पण हे मला तेव्हा सुचलं नाही.

भाऊबीज झाली. पहिल्याच मंडईत आंबेझरीचा संच उतरला. आंबेझरी पोंभुर्ण्याच्या पलीकडे, जंगलातलं गोंडांचं गाव. मी पण गेलो होतो त्या दिवशी. संच झकास, नाचणारे पायानं धूळ उठवत होते. पेटीवर लालसू कोवे, तिशीतला सडपातळ माणूस, नजर पट्ट्यांवर खिळलेली. गाणं आमच्याच अश्विन अंकातलं. पहिली ओळ चांगली गेली. दुसऱ्या ओळीत गाणाऱ्यांचा गळा एकीकडे आणि पेटी दुसरीकडे. लोक हसले. लालसूनं मान आणखी खाली घातली आणि पुन्हा तोच सूर दाबला, आणखी जोरात. पुन्हा हशा. पानठेल्यामागे लटारूभाऊंच्या कपाळावर आठी पडली. मी शेजारीच होतो. मला काही म्हणजे काही कळलं नाही, मी लोकांबरोबर हसलो. हो, हसलो.

आठ दिवसांनी अंक निघाला. ओळी मीच जुळवल्या: "आंबेझरीचा संच. नाच उत्तम, ढोलकी दमदार. पेटीवर लालसू कोवे. मध्यम चढा. वाजवणाऱ्याला सूर ऐकू येत नाही. पेटी दुसऱ्याच्या हाती द्यावी."

आणखी आठ दिवस गेले असतील. सकाळी मी खिळ्यांचे खण झाडत होतो, आणि दारात एक बाई उभी. डोक्यावर लुगड्यात बांधलेलं मोठं गाठोडं. मागे नवरा, मान खाली. मी त्याला लगेच ओळखलं. बाईनं गाठोडं उतरवलं, तर आत पेटी. दोन दिवस चालत आली होती ती.

"पेटीवाले भाऊ इथीच बसते का जी?" तिनं विचारलं. लटारूभाऊ प्रूफ घ्यायला आले होते, ते पुढे झाले. ती म्हणाली, "मी सोमारी. हा माहा मानूस, लालसू. भाऊ, आमची पेटी बिघडली हाये. तेवढी पाहून द्या."

"काय होते पेटीले?"

"मधातच बेसूर बोलते. गावानं वर्गनी करून उन्हाळ्यात घेतली, जुनी हाये. तुमच्या पुस्तकात लिहून आलं, त डोमाभाऊनं पेटी याच्या हातातून काढून घेतली. डोमाभाऊ म्हंजे आमच्या संचाचे म्होरके. ते म्हणते, पेटी चांगली हाये, लालसूचा कानच गेला. पंधरा दिवसांनं सावलीची मंडई हाये, तिथी दुसऱ्या गावचा सुकलू बसनार हाये पेटीवर." तिचा आवाज इथपर्यंत शाबूत होता, मग चिरकला. "हा जेवत नाई भाऊ. बोलत नाई. धानाच्या बांदीत काम करताना गायचा, तेबी सोडलं. तुमी पेटी पाहून लिहून द्या का पेटीच खराब होती. मी भांडून मांगून आनली, पाच दिवसाच्या बोलीनं."

आमच्या अंकात चूक असेल हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. छापलेलं चुकतं हे तिला ठाऊकच नव्हतं.

लटारूभाऊंनी पेटीवरचं फडकं काढलं. पट्ट्यांवर काजळानं आकडे काढलेले, एकदम सुबक. डावीकडून एक, दोन, तीन, चार. भाऊंची नजर डाव्या टोकाला गेली आणि तिथेच थांबली. तीन काळ्या. त्यांनी वाजवून पाहिलंसुद्धा नाही.

"लालसू," ते म्हणाले, "तू आकडे कुठून मोजले?"

लालसूनं बोट डाव्या टोकाला टेकवलं.

"अन् सूचना? वर लिहलेली?"

लालसूनं कमरेच्या घडीतून अश्विनाचा अंक काढला. हाताळून हाताळून पान मऊ पडलं होतं. लटारूभाऊंनी चालीचं पान काढलं. वर पाहिलं, खाली पाहिलं, उलटून पाहिलं.

"दसरू," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "सूचना कुठी गेली?"

काय सांगू तुम्हाला! जीभ सुटली ती अशी सुटली! "कोणती सूचना? तुम्ही दिलीच नव्हती. तापात होते तुम्ही. जेवढं दिलं तेवढं जुळवलं मी!" आवाजही चढवला वर. चोर तो चोर, वर शिरजोर झालो.

लटारूभाऊंनी अंक मिटून लालसूच्या हातात परत दिला. मग म्हणाले, "असन. माह्याच हातून राह्यली असन."

त्यांनी मानलं! त्यांनी मानलं हेच मला लागलं. भांडले असते तर मीही भांडलो असतो, आणि सुटलो असतो.

त्यांनी सोमारीला समजावून सांगितलं, की पेटी ठीक आहे, तुझा नवराही ठीक आहे, चूक पुस्तकाची आहे. ती त्यांच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "असं तोंडानं सांगून कसं होईन भाऊ? डोमाभाऊ म्हणते, जे छापून आलं ते छापूनच जाईन."

"छापून आनतो," भाऊ म्हणाले. "सावलीच्या मंडईआधी मी सोता येतो घेऊन."

ती दोघं गेल्यावर छापखान्यात रण माजलं. गुणवंतराव तावातावानं म्हणाले, "लटारू, डोकं ठिकाण्यावर हाये का? एका गावासाठी सातशे घरी सांगता का आमचं चुकलं? उद्या मालगुजार म्हणन, माह्या पोराचंबी असंच चुकून लिहलं. तुमच्या कोन्या निकालावर मंग कोन इश्वास ठेवन? एक चिठ्ठी लिहून द्या त्या मानसाले, मोकळे व्हा."

मीही त्यात तेल ओतलं. "बरोबर आहे. तीन वर्षांत कमावलेलं नाव एका कागदात घालवायचं का? पुढच्या अंकात एका कोपऱ्यात टाकू बारीक अक्षरात." मला 'भाता'ची काळजी होती, हे खोटं नाही. पण त्याहून मोठी काळजी कशाची होती, ते तुम्हाला कळलंच असेल. सूचनेच्या त्या दोन ओळी माझ्या खणाशेजारी भिंतीच्या खिळ्यावर, हस्तलिखितात, भाऊंच्या अक्षरात लटकत होत्या. ते पान मी दुपारी चुलीत घातलं.

लटारूभाऊ म्हणाले, "त्याचं नाव मी मोठ्या अक्षरात बुडवलं. कोपऱ्यात कसं काढू?"

सुटं जोडपान काढायचं ठरलं. सातशे प्रती, प्रत्येक वाचकाला टपालानं. ते पानही मीच जुळवलं, दुसरं कोण होतं? "अश्विन अंकातील चालीसोबत पेटीविषयीची सूचना छापायची राहिली. आंबेझरीचे पेटीमास्तर श्री. लालसू कोवे यांनी अंकाप्रमाणे वाजवले, म्हणून सूर चुकला. त्यांच्याविषयी दिलेला निकाल मी मागे घेतो. चूक संपादकाची आहे. लटारू गुरनुले." 'चूक संपादकाची' हे दोन शब्द जुळवताना माझ्या बोटांतून खिळे दोनदा सांडले. शकुबाई पत्त्यांच्या चिठ्ठ्या चिकटवायला खळ घेऊन बसली होती. ती म्हणाली, "दसरूभाऊ, तब्येत बरी नाई का? घाम काऊन आला थंडीचा?" मी तिच्यावर खेकसलो. त्या बिचारीनं माझं काय घोडं मारलं होतं?

भाऊ आंबेझरीला निघाले तेव्हा मीही निघालो. का, ते विचारू नका. मूलहून पोंभुर्ण्यापर्यंत मोटार, पुढे पायवाट. वाटेत भाऊ एवढंच म्हणाले, "तो माह्या आकड्यावर इश्वास ठेवून चुकला, दसरू. ज्यानं माहं आयकलं नाई तो वाचला." मी पायाखालची वाट बघत चालत राहिलो.

दुपारी पोचलो. डोमाच्या अंगणात माणसं जमली होती, कारण सोमारीनं आधीच वर्दी दिली होती. पेटी मध्ये चटईवर. लालसू भिंतीला टेकून बसलेला, सोमारी त्याच्या बाजूला उभी. डोमा साठीचा, रुंद हाडाचा, आवाज खर्जातला. त्याला अक्षर येत नव्हतं.

"वाचा जी," तो म्हणाला.

लटारूभाऊंनी जोडपान वाचलं. एकदा, मग सावकाश दुसऱ्यांदा. सोमारीनं सुटकेचा श्वास सोडला, पण डोमाचा चेहरा होता तसाच.

"एक पुसतो भाऊ. ते सूचना तुमी दर बारीले लिहता?"

"हो."

"मंग या बारीले काऊन नाई लिहली?"

"राह्यली असन माह्या हातून. ताप होता."

"असन?" डोमा म्हणाला. "असन म्हंजे काय? तुमाले याद नाई?"

लटारूभाऊ खोटं बोलत नसत. त्यांनी लिहिली होती हे त्यांच्या हाताला आठवत होतं, आणि नव्हती लिहिली असं मी सांगितलं होतं. ते म्हणाले, "नाई याद."

डोमा पुढे सरकला. "मंग आमची समजूत काढाले आले का तुमी? मानूस भले हाये तुमी, हे माहीत हाये मले. या पोराची बायको तुमच्या दारात रडली, तुमाले दया आली, अन् तुमी आपल्या डोस्क्यावर घेऊन छापून आनलं. जंगलातल्या मानसाले असंच समजवते सारे. मले दया नोको. मले खरं पाह्यजे. याचा कान खरा असन त हा बसन. नसन त सुकलू बसन. अख्ख्या गावाचा सवाल हाये." त्यानं जोडपान घडी करून परत केलं. "हे घेऊन जा भाऊ."

सोमारीच्या तोंडचं पाणी पळालं. लालसू तर तिथे नसल्यासारखाच बसला होता. सातशे घरी गेलेलं ते पान, ज्याच्यासाठी त्यांनी आपलं नाव पणाला लावलं, ते ज्या एका घरासाठी होतं तिथेच खोटं ठरत होतं. आणि खरंच ते खोटं होतं! त्यात एक शब्द खोटा होता, आणि तो माझा होता.

"मी काढली," मी म्हणालो.

आवाज इतका लहान निघाला, की डोमानं हात कानाला लावला. मग मात्र मी ओरडलोच. "मी काढली ती सूचना! भाऊंनी लिहिली होती, पान उतू चाललं होतं, मी दोन ओळी उचलून टाकल्या! वर खोटं बोललो यांच्याशी. लिहिलेला कागद चुलीत घातला. यांचा दोष नाही अन् लालसूचा तर मुळीच नाही. आता काय करायचं ते करा माझं!"

मी लटारूभाऊंकडे पाहू शकलो नाही. पुढे तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि चौथ्या दिवशी प्रूफ मागितलं, एवढंच. ज्यांना वाटतं त्या जोडपानामुळे 'भाता' बुडालं, त्यांना सांगतो: शंभरेक वाचक गेले, मालगुजारानं गावभर टर उडवली, आणि वर्ष संपायच्या आत गेलेल्यांतले बरेचसे मुकाट्यानं परत आले. पण हे मला त्या अंगणात कुठे माहीत होतं? तिथे मला वाटलं, डोमा आता मला काठीनं सोलणार.

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हे खरं हाये," तो म्हणाला. "खोटं बोलनाऱ्याले असा घाम नाई येत." मग मान वळवून म्हणाला, "लालसू, ऊठ. बस पेटीवर."

लालसू उठला नाही.

"ऊठ ना!" सोमारी त्याच्या दंडाला धरून म्हणाली. "आयकलं नाई का? तुही चूक नोहती."

तेव्हा तो माणूस पहिल्यांदा बोलला. माझ्याशी नाही, डोमाशी नाही, लटारूभाऊंशी. "भाऊ, मले आयकू आलं होतं. पह्यल्याच दिवशी आयकू आलं होतं का हा सूर इथचा नोहे. गानारे पोट्टेबी म्हणत होते. मीनंच त्याहिले दाबलं. म्हनलं, पुस्तकात हाये, तुमचा गळा चुकते. मंडईत लोक हसले तवाबी मले आयकू येत होतं. तरी म्या तोच दाबला." त्यानं डोळे पुसले नाहीत, पाणी तसंच ओघळू दिलं. "आता कोनता सूर खरा अन् कोनता खोटा, मले समजत नाई. सुकलूले बसवा."

सोमारी मटकन खाली बसली. माझ्या कबुलीनं काहीच झालं नव्हतं. आम्ही त्याची जागा परत आणली होती, पण बसणारा माणूसच उरला नव्हता.

लटारूभाऊ चटईवर गेले आणि पेटीपुढे मांडी घालून बसले. भाता उघडला. अश्विन अंकातलीच चाल धरली, आणि लालसूच्या काजळाच्या आकड्यांनी, जशी छापली होती तशी, वाजवायला लागले. पहिली ओळ गेली. लालसू जमिनीकडे बघत होता. दुसरी ओळ आली, आणि भाऊंनी तो चढा मध्यम पूर्ण हवेनं दाबला. दाबला आणि सोडला नाही. अंगणभर तो सूर दातांत खडा आल्यासारखा करकरत राहिला. पोरांनी कान झाकले. जिल्ह्यात ज्याच्या कानाचं नाव होतं तो माणूस डोळे उघडे ठेवून बेसूर वाजवत होता, आणि थांबत नव्हता. ओळ संपवून त्यांनी पुन्हा तीच ओळ घेतली, पुन्हा तोच सूर, आणखी लांब.

लालसूचा जबडा आवळला. तिसऱ्यांदा ती जागा आली तशी तो उठला, दोन ढांगांत चटईपाशी आला आणि लटारूभाऊंच्या हातावर फाडकन चापट मारली.

"तिथी नाई जी!" तो ओरडला, आणि वाकून त्यानं बाजूची काळी पट्टी दाबली.

सूर जागेवर बसला. डोमाच्या तोंडून नकळत "हां!" निघालं. लालसूचं बोट त्या पट्टीवरच होतं, आपण काय केलं हे कळून तो पांढराफटक पडला होता. लटारूभाऊंचा हात लाल झाला होता. ते हसले, भात्यावरचा दुसरा हात काढला आणि सरकून त्याला जागा करून दिली.